पंधराचा वर्ग : पंडिता रमाबाईंच्या अंतर्यात्रेची कहाणी

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या पळसदरीला राहणाऱ्या माणसाला गाड्यांची दोन दिशांची ओळख जन्मापासून असते. एक फाटा खोपोलीकडे वळतो आणि दुसरा घाट चढून लोणावळ्याकडे जातो. घाट चढणारी गाडी कर्जतला थांबते, तिला मागून जोर लावायला इंजिने जोडतात आणि मग ती आमच्या स्टेशनासमोरून धापा टाकत वर निघते. त्या गाड्या बघत मी लहानाची मोठी झाले. पण या वाटेने वर गेलेल्या एका बाईंविषयी मला कॉलेजात येईपर्यंत काहीही ठाऊक नव्हते.

इतिहासाच्या पुस्तकात पंडिता रमाबाईंवर तीन ओळी आहेत : संस्कृतच्या विदुषी, शारदा सदनाच्या संस्थापिका, धर्मांतर. परीक्षेला एवढे पुरते. गेल्या वर्षी ग्रंथालयात देवदत्त नारायण टिळकांनी लिहिलेले त्यांचे चरित्र हाती आले. मी ते परीक्षेसाठी उघडले आणि परीक्षा संपून गेल्यावरही वाचत राहिले. रमाबाईंच्या समाजकार्यावर पुष्कळांनी लिहिले आहे, पुढेही लिहितील. मला मात्र त्यातली एक वेगळीच गोष्ट खिळवून गेली. बाप्तिस्मा घेतल्यानंतर आठ वर्षांनी या बाई स्वतःशीच थांबल्या आणि आपण खरोखर ख्रिस्ती आहोत का, असे त्यांनी स्वतःला विचारले. लोकांनी ज्या गोष्टीसाठी त्यांना इतके बोल लावले, ती गोष्ट आपल्याला अजून मिळालेलीच नाही, असे त्यांच्या लक्षात आले. हे कबूल करायला काय लागत असेल, याचा विचार मी पुष्कळ दिवस करीत होते.

कहाणी सुरुवातीपासून सांगायला हवी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतले. त्या काळी हा केवढा अपराध! भोवतालच्या लोकांचा विरोध वाढला तेव्हा शास्त्रीबोवा बायकोला घेऊन सह्याद्रीच्या कर्नाटकातल्या रानात, गंगामूळ येथे जाऊन राहिले. तिथेच रमाबाई जन्मल्या. आईनेच पहाटे उठवून मुलीला भागवत पाठ करून दिले. आईने लेकीला शिकवावे हे आज आपल्याला साधे वाटेल. माझ्या आजीला अक्षर येत नाही, आईला सहीपुरते येते. तेव्हा मला ते मुळीच साधे वाटत नाही.

पुढे घरची सुबत्ता गेली. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांत पुराण सांगत देशभर पायी हिंडू लागले. मग १८७० च्या दशकातला दक्षिणेतला दुष्काळ आला. दागिने गेले, भांडी गेली, शेवटी रानातली पाने खाऊन दिवस काढले. व्रते, उपवास, दाने, शास्त्रात जे जे सांगितले होते ते सगळे या कुटुंबाने केले होते. वडील गेले, त्यांच्यामागून आई गेली, मग थोरली बहीण. आईची तिरडी उचलायला पुरेसे खांदेकरी मिळेनात. भावाच्या जोडीने रमाबाईंनीही तिरडी धरली, आणि उंची कमी म्हणून आपला भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. पुढे रमाबाईंनी देवाविषयी जे जे प्रश्न विचारले, त्यांचे मूळ मला या तिरडीशी सापडते. नवसाला न पावलेल्या देवावरचा तो राग होता, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. सगळे विधी यथासांग करूनही आत काही पोचले नाही, ही ती रुखरुख होती. ती त्यांना पुढे ख्रिस्ती धर्मातही सोडणार नव्हती.

राहिले दोघे, भाऊ श्रीनिवास आणि त्या. पायी हजारो मैल चालून १८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली. स्त्रीने वेद वाचू नये असे ऐकत आलेल्या रमाबाई तो वाचायला बसल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. नवरा ब्राह्मण नव्हता, म्हणून पुन्हा गदारोळ. दोघे आसामकडे सिलचरला राहिले. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक छोटी पुस्तिका सापडली. ख्रिस्ताशी त्यांची खरी पहिली भेट ही अशी, घरातल्या कपाटात. मुलगी मनोरमा जन्मली, आणि ती वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने नवरा गेला. चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाईंनी आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा असे पाच जीव हातावेगळे केले होते.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. पुणे त्यांच्यावर खूष होते. मग वैद्यक शिकावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे मठातल्या ख्रिस्ती भगिनींकडे उतरल्या.

वाँटेजची हकीकत नीट सांगायला हवी, कारण रमाबाईंना समजून घेताना बहुतेकजण इथेच घसरतात. विरोधक म्हणतात की त्यांना फूस लावली. भक्त म्हणतात की त्यांना साक्षात्कार झाला. खरे काय घडले ते त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलम येथे नेले. तिथे वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवले जात होते. आपल्याकडे ज्यांची सावलीही कुणी अंगावर घेतली नसती, त्यांच्याशी या भगिनी किती मायेने वागतात, हे रमाबाईंनी पाहिले. असे का करता, म्हणून विचारले. उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. त्या गोष्टीने त्यांचे मन वळले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमारास त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. हा धक्का त्यांनी कसा पचवला, कोण जाणे.

पण बाप्तिस्मा झाला म्हणजे रमाबाई गप्प बसल्या, असे मात्र नाही. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित करून महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळातर्फे प्रसिद्ध झाला. ज्याला धर्मांतर म्हणजे मान तुकवणे असे वाटते त्याने तो जरूर चाळावा. त्रैक्याची शिकवण मला पटत नाही, कुमारीच्या पोटी जन्माचे कोडे मला सुटलेले नाही, चर्च सांगते म्हणून मी मानणार नाही, मी ब्राह्मणांच्या धर्मशास्त्रापासून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांच्या हाती माझी सदसद्विवेकबुद्धी देणार नाही, असा त्या पत्रांचा सूर आहे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द का, हिंदी बायकांना कळेल अशी आपली भाषा का नको, असाही वाद त्यांनी घातला. शाकाहार सोडला नाही, अंडेसुद्धा खाल्ले नाही. सिस्टर जेराल्डीन यांना हा सगळा गर्व वाटला. एका परीने त्यांचेही चुकले नसेल. पाहुणी म्हणून आलेली, आपल्या पैशाने शिकणारी मुलगी इतके प्रश्न विचारते म्हटल्यावर कुणालाही टोचेल. आमच्या वर्गातही जास्त प्रश्न विचारणारी मुलगी कुणाला फारशी आवडत नाही.

महाराष्ट्रात मात्र बहुतेकांना एकच गोष्ट दिसली : पंडिता बाटली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार' मधून त्यांची बाजू घेतली. ज्या शास्त्रांनी स्त्रीला आणि शूद्राला खाली ठेवले, ती वाचून एखादी बाई त्यातून बाहेर पडली तर दोष कुणाचा, असा त्यांचा विचार होता. तो आवाज तेव्हा एकाकी होता.

अमेरिकेचा भाग मी थोडक्यात आटोपते. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला १८८६ मध्ये रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली, आणि बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसे देण्याचे त्या असोसिएशनने कबूल केले. अट एवढीच, की शाळेत धर्मप्रचार होऊ नये.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन उघडले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. पुढल्या वर्षी, नोव्हेंबर १८९० मध्ये, सदन पुण्याला हलले. मुंबईहून पुण्याला जायचे तर बोरघाटाशिवाय वाट नव्हती. घाटातला लोहमार्ग १८६३ पासून सुरू झाला होता. त्याआधी १८५६ पासून गाडी आमच्या पळसदरीवरून खोपोलीपर्यंत यायची आणि पुढे लोक पालखीतून किंवा पायी घाट चढायचे. म्हणजे सदनातल्या त्या विधवा मुली, पांढऱ्या लुगड्यांतल्या, कुणी बारा वर्षांची तर कुणी वीसची, पेट्या-बोचकी घेऊन आमच्या दारावरून वर गेल्या असणार. हे सुचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन बसले.

आता त्या आठ वर्षांकडे येते.

१८९१ मध्ये रमाबाईंचे बाहेरून सगळे ठीक चालले होते. शाळा चालू, नाव जगभर, मुली शिकत होत्या. आणि आत कोरडेपणा. त्या प्रार्थना करीत, बायबल वाचीत, चर्चला जात. तरी काहीतरी उणे होते आणि काय उणे आहे ते कळत नव्हते. दुसरी एखादी असती तर तिने कामाचा ताण म्हणून सोडून दिले असते. रमाबाईंनी ते सोडले नाही. अशा वेळी त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र आले. हा माणूस अनेक वर्षे पाळक होता, लोकांना उपदेश करीत होता, आणि एके दिवशी स्वतःच्याच व्यासपीठावर उभा असताना त्याला उमगले की आपण ज्याच्याविषयी बोलतो आहोत त्याला आपण ओळखतच नाही. रमाबाईंना आरशात पाहिल्यासारखे झाले. त्यांनी आपला हिशेब मांडला. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, कारण तो आपल्या बुद्धीला आणि न्यायबुद्धीला पटला. त्याची नीती पटली, स्त्रीला आणि शूद्राला त्यात सारखी जागा होती, ते पटले. पण तो धर्म ज्याच्या नावाचा, त्याला आपण जिवाभावाने कधी भेटलोच नाही. धर्म मिळाला, धर्माचा धनी राहिला. आपण पुन्हा एकदा नेम-नियमांवरच विसंबून होतो, लहानपणी होतो तशाच. फक्त नियम बदलले होते.

इथे मला आपल्या विद्यार्थ्यांचीच आठवण होते. बारावीला मी संपूर्ण धडे पाठ केले होते, स्वल्पविरामासकट. मार्क चांगले पडले. पुढे कुणी त्यातले एक वाक्य समजावून सांग म्हटले तेव्हा मला सांगता येईना. आमच्या घरात पहिली शिकणारी मी, त्यामुळे पाठांतर आणि कळणे यांत फरक असतो हे सांगणारे कुणी नव्हते. ज्यांनी सारे भागवत पाठ केले होते त्या रमाबाईंना हा फरक तेहेतिसाव्या वर्षी जाणवला, आणि त्यांनी तो लपवला नाही. उलट १९०७ मध्ये आपल्या श्रद्धेचा वृत्तांत लिहिला तेव्हा ही आठ वर्षे त्यांनी जशीच्या तशी जगापुढे मांडली. विरोधकांच्या हाती केवढे कोलीत!

त्यानंतर त्यांच्यात फरक पडला आणि त्याची किंमत लगेच द्यावी लागली. रोज पहाटे त्या मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. दार लोटून घेत नसत. कुणी मुलगी येऊन बसली तर तिला जा म्हणत नसत. बोलावणे नाही, पण मज्जावही नाही. हळूहळू मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात बोभाटा झाला. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर ही मोठी माणसे बाहेर पडली आणि पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. या वादात कोण बरोबर, हे मी सांगू शकत नाही. पालकांनी धर्माबाबत तटस्थतेच्या शब्दावर मुली ठेवल्या होत्या, त्यांची भीती खोटी नव्हती. दुसरीकडे स्वतःच्या घरात स्वतःच्या लेकीबरोबर प्रार्थना करताना बाईने कडी लावावी, ही अटही विचित्रच. मला एवढेच दिसते की दार लोटून घेतले असते तर सगळे निभावले असते, आणि त्यांनी ते लोटले नाही.

यानंतरची एक हकीकत तर आमच्या घाटमाथ्यावरचीच आहे. लोणावळ्याला उन्हाळ्यात ख्रिस्ती लोकांची शिबिरे भरत. तंबू ठोकून काही दिवस राहायचे, प्रार्थना, प्रवचने, मनन. १८९५ च्या एप्रिलपासून रमाबाई तिथे जाऊ लागल्या. पुढारी म्हणून नव्हे तर शिकायला, आपली आतली भूक भागवायला. अशाच एका शिबिरात त्यांच्याबरोबर सदनातल्या पंधरा ख्रिस्ती मुली होत्या. एके दिवशी भल्या पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या. सूर्य उगवायच्या बेतात होता. या मुलींसाठी आभार मानीत असताना त्यांच्या मनात आले की या संख्येचा वर्ग मागावा. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. पुढच्या शिबिरापर्यंत इतक्या मुली दे. मागून झाल्यावर त्यांनाच ते अशक्य वाटले. सदनात तेव्हा सगळ्या मिळून इतक्या मुली नव्हत्या. गणितातले सूत्र प्रार्थनेत आणणारी ही बाई मला फार आवडली.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे रस्त्यावर मरू लागली. रमाबाईंना स्वतःची भूक आठवली, रानातली पाने आठवली, आणि त्या उठून तिकडे गेल्या. अनाथ झालेल्या, हाडांचे सापळे झालेल्या, दलालांच्या तावडीत सापडू पाहणाऱ्या मुली त्यांनी गोळा करून आणल्या. पुण्यात प्लेगमुळे नव्या मुली ठेवायला सरकारी मनाई झाली, तेव्हा त्यांना केडगावला नेले. पुण्यापलीकडे दौंडच्या वाटेवर केडगावजवळ रमाबाईंनी आधीच माळरान विकत घेऊन ठेवले होते. तिथे छपऱ्या उभ्या केल्या. हेच मुक्ती सदन. दोनशे पंचवीसचा आकडा केव्हाच मागे पडला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर मुक्तीत जवळजवळ दोन हजार जीव होते.

एवढ्या तोंडांना घालायचे काय? असोसिएशनच्या कराराची दहा वर्षे १८९८ मध्ये संपत होती. इथेही रमाबाईंचा आतला शोध आणि बाहेरचा व्यवहार एकमेकांत गुंतलेले दिसतात. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांनी कुणाकडे पैसे न मागता, केवळ प्रार्थनेच्या जोरावर अनाथालये चालवली, हे त्यांनी वाचले होते. चीनमध्ये काम करणाऱ्या हडसन टेलर यांच्या मिशनचा इतिहासही वाचला होता. हिंदुस्थानात हे का घडू नये, असे त्यांना वाटू लागले आणि त्यांनी ते करून पाहिले. मात्र नुसत्या हात जोडून बसल्या असेही नाही. विहिरी खणल्या, शेती केली, फळझाडे लावली, तेलघाणा, विणकाम, छापखाना उभा केला. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन काढले. फुलमला पाहिलेले घर इतक्या वर्षांनी असे उभे राहिले. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल लिपी शिकवी.

१९०५ मध्ये मुक्तीत एक वेगळीच घटना घडली. वर्षाच्या सुरुवातीला रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र जमून प्रार्थना करायला सांगितले. तो गट वाढत शेकड्यांवर गेला. जूनच्या अखेरीस एका रात्री मुली मोठमोठ्याने रडू लागल्या, आपले अपराध उघड कबूल करू लागल्या, आणि हे दिवसच्या दिवस चालले. काही मिशनऱ्यांनाही हा उन्माद वाटला. मी वाचताना थोडी गोंधळले. आमच्याकडे अंगात येणे पाहिलेले आहे, त्यामुळे मन लगेच तिकडे धावते. रमाबाईंनी ते दाबले नाही आणि त्याचे प्रदर्शनही मांडले नाही. रडून झाल्यावर मुलगी भांडणे मिटवते का, आजाऱ्याची सेवा करते का, हे बघावे, असा त्यांचा रोख दिसतो. आठ वर्षांचा स्वतःचा कोरडेपणा ज्यांनी तपासला होता, त्यांना अश्रूंचीही तपासणी करता येत असावी.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. उत्तरायुष्यात हिंदू धर्माविषयी त्यांनी जे कडक लिहिले, ते वाचताना मला दुखले. माझी आजी दर गुरुवारी पळसदरीच्या स्वामी समर्थांच्या मठात जाते. तिला वाचता येत नाही, पण परत येताना तिच्या चेहऱ्यावर जे असते त्याला नुसता विधी म्हणायला माझे मन घेत नाही. रमाबाईंना अशा आज्या भेटल्या नसतील का? भेटल्या असतीलच. त्यांची स्वतःची आई काय कमी श्रद्धेची होती? पण आईची तिरडी डोक्यावर घेतलेल्या मुलीशी मी एकोणिसाव्या वर्षी, सुखात बसून, वाद तरी कसा घालू?

शेवटची सतरा-अठरा वर्षे त्यांनी एका कामाला वाहिली. बायबलचे जे मराठी भाषांतर तेव्हा होते ते मुक्तीतल्या खेड्यापाड्यांच्या बायकांना कळत नसे. त्यात संस्कृत शब्दांचा भरणा होता. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा पिकत्या वयात शिकून रमाबाई सोप्या मराठीत नवे भाषांतर करू लागल्या. ज्यांना कलकत्त्याने सरस्वती म्हटले त्या बाई एकेक संस्कृत शब्द वेचून बाजूला काढीत होत्या, दुष्काळातून आलेल्या एखाद्या मुलीला अडू नये म्हणून. ती मराठी काही ठिकाणी ओबडधोबड वाटते, असे जाणकार म्हणतात. मजकूर मुक्तीतल्याच बायकांनी जुळवला आणि मुक्तीच्याच छापखान्यात छापला. लिहू-वाचू न शकणाऱ्या म्हणून आलेल्या बायकांनी खिळे जुळवून सारे बायबल छापावे, ही गोष्ट मी आजीला सांगितली. तिला बायबल म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण बायकांनी पोथी छापली एवढे तिला कळले आणि तिने ती गोष्ट मला पुन्हा सांगायला लावली.

या काळात त्यांना ऐकू येईनासे झाले होते. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. सगळा कारभार हळूहळू मनोरमेकडे जाणार असे ठरल्यासारखे होते. तिने गुलबर्ग्याला शाळा उभी केली होती, मुक्तीची ती दुसरी आईच होती. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या इस्पितळात मनोरमा वारली. ती चाळीस वर्षांची होती. सिलचरपासून वाँटेजपर्यंत आणि चौपाटीपासून केडगावपर्यंत जिला कडेवर, मग बोट धरून, मग बरोबरीने आणले, ती लेकही गेली. आता कुणीच राहिले नाही. भाषांतराची प्रुफे मात्र अजून बाकी होती. रमाबाई तपासत राहिल्या. शेवटची प्रुफे हातावेगळी झाली आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावला त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर पडले.

आमच्या स्टेशनासमोरून घाट चढणाऱ्या गाड्यांपैकी ज्या सोलापूरकडे जातात, त्या केडगाववरून जातात. मुक्ती मिशन तिथे अजूनही आहे. मी लोणावळ्याच्या पुढे एकदाच गेले आहे, पुण्यापर्यंत, मावशीच्या लग्नाला. केडगाव अजून पाहायचे आहे.